खाऊ नावाचं फोल्डर

देवासच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी ग्रंथपाल होते, तिथे नेमाने पुस्तकं नेणारा माणूस एकच होता. बाकीची मंडळी ग्रंथालयात यायची ती थंड पाण्यासाठी, कारण चालू स्थितीतला कूलर फक्त आमच्याकडे होता. चिटणीस सर पुस्तक न्यायचे, वाचायचे, परत आणायचे आणि परत आणताना आत काहीतरी ठेवायचे. एका जाडजूड पुस्तकाला शेवटी सूची नव्हती. सरांनी हाताने चौदा पानांची सूची लिहून आत घातली. ते पुस्तक पुन्हा कोणी नेलं नाही, त्यामुळे त्या सूचीचा उपयोग झालाच असेल तर सरांनाच झाला. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अहो रेखाताई, पुस्तक रिकामं कसं परत करायचं?"

हे घरचं वळण होतं. सर मूळचे धारचे. पणजोबा दरबारच्या दफ्तरात पत्रं लिहायचे. दरबार गेला, दफ्तर गेलं, आडनाव आणि अक्षर तेवढं घरात राहिलं. शेजारचं भांडं घरी आलं, तर परत जाताना त्यात चार करंज्या, मूठभर दाणे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, ही त्यांच्या आईची शिस्त. माझ्या आईचीही तीच होती, आणि तिथेच घोळ झाला. सर देवासला टेकडीखाली एक खोली घेऊन राहायचे. शनिवारी दुपारच्या बसने धारला, सोमवारी सकाळी परत. एकटा माणूस म्हणून मी एकदा त्यांना स्टीलच्या डब्यातून कैरीचं लोणचं दिलं. डबा आला तो सुधाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हातच्या चकल्या घेऊन. चकल्या खाऊन नुसतं बसणं बरं दिसेना, म्हणून मी चिवडा पाठवला. पुढे सुधाताईंनी डिंकाच्या लाडवांची कृती मागवली, ती मी आईच्या वहीतून उतरवून डब्यात घातली. नऊ वर्षं तो डबा देवास-धार करत होता. माझे यजमान म्हणायचे, "एकदा डबा हरवला म्हणून कळवून टाक. दोन्ही घरं सुटतील."

सरांनी ही शिस्त पेनड्राइव्हलाही लावली होती. विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह त्यांनी कामासाठी घेतला, की परत देताना त्यात एक जास्तीचं फोल्डर असे. त्याचं नाव ‘खाऊ’. आत एखादा छोटा प्रोग्रॅम, एखादं टिपण, कधी पुढच्या सेमिस्टरच्या धड्याचा कच्चा खर्डा. एकदा खाऊबरोबर व्हायरस गेला आणि परीक्षा विभागाचे दोन संगणक बसले. सरांनी लेखी माफी मागितली आणि तो व्हायरस मुळात कुठल्या संगणकातून आला याचा माग काढून तेही माफीपत्रात लिहिलं. तो संगणक संचालकांचा होता.

या फोल्डरवर किंवा आतल्या कागदावर सरांचं नाव कधीच नसे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं इथेच अडलं.

गंमत अशी, की दुसऱ्या प्रत्येक गोष्टीवर कुणाचं नाव आहे याची त्यांना भयंकर चौकशी. "कुठून आणलं?" हा त्यांचा प्रश्न. कँटीनच्या पोह्यांत बडीशेप लागली, की कँटीनवाल्याला. माझी नवी साडी दिसली, की मला. आणि मुलांनी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला. मुलं सुरुवातीला दचकायची. एक जण रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, इंटरनेट से लिया, गलती हो गई." सर म्हणाले, "अरे भिया, चोरी का नी पूछा मैंने. पता पूछ रहा हूँ. इंटरनेट में किसके घर से?"

सर संगणकाच्या भाषा शिकवायचे, आणि त्यांतही त्यांचा जीव एकाच ठिकाणी अडकलेला होता. संगणकाला एकाच वेळी शंभर कामं सांगितली तर ती एकमेकांच्या पायात येऊ नयेत, एकाची वाट पाहत बाकीची ताटकळू नयेत, याची सोय प्रत्येक भाषेला करावी लागते. सरांचं म्हणणं, ही सोय कोणतीच भाषा सगळी घरी करत नाही. बरीचशी शेजारून आणते आणि आपल्या ताटलीत वाढून आपलीच म्हणून सांगते. कोणी कुणाकडून काय आणलं याचा एक नकाशा ते वर्षानुवर्षं काढत होते. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरांची पानं एकमेकांना चिकटवून, त्यांच्या पाठीवर. तो उलगडायला ग्रंथालयाची दोन टेबलं जोडावी लागत. नावं, आणि नावांमधून गेलेले बाण. अपुराच असायचा, कारण एक बाण पुरा होईतो कुठलीतरी भाषा कुठल्यातरी भाषेच्या दारात उभी असे.

ग्रंथालय आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम माझा दर वर्षी पुरा होई. सुरुवात देवासपासून. देवासात पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदायची. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि म्हणतात की बाजारातल्या रस्त्याच्या मधोमध हद्द. आता मधला दिवा कोणी लावायचा? सर फळ्यावर दिवा काढत. दोघांची माणसं एकदमच लावायला आली, तर धक्काबुक्की. दोघं ‘आधी तुम्ही’ म्हणून थांबले, तर अंधार. एकाने तेलाच्या कोठीची किल्ली घेतली आणि तो सासुरवाडीला गेला, तरी अंधारच. बहुतेक भाषांनी ही तीन दुखणी वर्षानुवर्षं काढली. मग अर्लांगसारखी एखादी म्हणाली, सामाईक दिवा नकोच. ज्याचा त्याच्या घरात, आणि काही हवं असलं तर चिठ्ठी पाठवा. गो नावाची दुसरी भाषा म्हणाली, चिठ्ठ्यांसाठी दोन घरांमध्ये नळीच टाकू. "नळी गो की खुद की नी है," सर बजावत. "बहुत पुराने कागज से लाई. और गो को देखकर क्लोजर ले गई."

"सर, नी समझ पड़ी," मागून एक आवाज. "दिया आखिर जलाया किसने?"

"बाद में नगरपालिका ने."

"सर, ये पेपर में आएगा?"

"पेपर में नी आएगा. नौकरी में आएगा."

मग वाट न अडवता वाट पाहण्याची सोय, जिला तिकडे असिंक-अवेट म्हणतात. ती सी-शार्पमुळे गावभर झाली. पायथनने नेली, जावास्क्रिप्टने नेली, रस्टने नेली. पण सी-शार्पने ती त्याच घरातल्या धाकट्या एफ-शार्पकडून उचलली होती. थोरल्याने धाकट्याचा सदरा घालून फोटो काढला आणि सदरा थोरल्याच्या नावावर गेला, असं सर सांगत. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढे. ते स्वतः घरात धाकटे होते.

सगळ्यात शेवटी पंगत. एका कामाने दहा पोटकामं सुरू करून दिली, तर दहाही पुरी झाल्याशिवाय मूळ कामाने उठायचं नाही. एकाला ठसका लागला तर बाकीच्यांनी हात आवरायचा, पण अर्धवट जेवलेला माणूस पाटावर विसरून यजमानाने दाराला कुलूप लावायचं नाही. पायथनच्या एका कोपऱ्यात कोणी हे नेटकं मांडलं, कोटलिनने आपल्या पद्धतीने वाढलं, स्विफ्टने नेलं, जावाही मागाहून पाटावर येऊन बसली. सर म्हणत, पंगतीची रीत कळायला या भाषांना इतकी वर्षं लागली, कारण त्यांच्या घरी टेबल-खुर्च्या.

पंगत ते स्वतःही पाळत. प्रयोगशाळेत शेवटच्या मुलाचा प्रोग्रॅम चालल्याशिवाय उठत नसत. त्यामुळे शनिवारची त्यांची बस महिन्यातून दोनदा तरी चुके. सुधाताई फोनवर एवढंच विचारत, "किती पानं राहिलीत अजून?"

संचालक महोदयांचं आणि त्यांचं वाकडं असं नव्हतं. दोघांचा एकमेकांशी संबंधच कमी. संचालक मूळचे इमारती बांधणारे, त्यामुळे कोनशिलेचं महत्त्व जाणून होते. प्रवेशद्वारावर त्यांचं नाव होतं, जिन्यावर होतं, आमच्या पाण्याच्या कूलरवरही सौजन्य म्हणून होतं. एकदा त्यांनी इंदूरच्या एका कंपनीतले तज्ज्ञ व्याख्यानाला आणले. विषय, जावात आलेले हलके धागे, म्हणजे एकाच वेळी हजारो कामं स्वस्तात चालवायची नवी सोय. तज्ज्ञ तासभर ‘क्रांती’ म्हणाले. प्रश्नांची वेळ आली. सर उभे राहिले.

"बहुत अच्छा लगा. कहाँ से लाए?"

तज्ज्ञ हसले. "सर, ये जावा का अपना है."

"अपना था," सर म्हणाले. "बचपन में जावा के पास हलके धागे थे. फिर माळ्यावर टाकले." उत्साह वाढला की सरांचं हिंदी सुटून मराठी यायचं. "मग अर्लांगकडे, गोकडे तसलं काही चकचकीत दिसलं, तेव्हा हिला आठवण झाली. अगदी तेच नाहीत, पण घराणं तेच." पुढची वीस मिनिटं त्यांनी घराणं सांगितलं. बाहेर चहावर साय धरली. संचालक दबक्या आवाजात म्हणाले, "चिटणीसजी, मेहमान हैं." सर म्हणाले, "इसीलिए तो साहब. मेहमान से ही पूछते हैं कि कहाँ से आना हुआ."

पुढे कॉलेजला कुठलासा वरचा दर्जा मिळवायचा होता. त्यासाठी नियम निघाला: करारावरच्या ज्या प्राध्यापकांकडे डॉक्टरेट नाही, त्यांनी मार्चअखेर एक शोधनिबंध द्यायचा, तो नकल पकडणाऱ्या यंत्रातून जायचा, नाहीतर करार वाढणार नाही. सर अकरा वर्षं करारावरच होते. डॉक्टरेट त्यांनी दोनदा सुरू केली होती आणि दोन्ही वेळा मार्गदर्शकांना "कुठून आणलं?" विचारलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मला म्हणाले, "घर चालेल हो, सुधाची शिवणाची कामं आहेत, धारचं घर आपलं आहे. पण धारला हा वर्ग कुठे मिळणार? पंगत कुणाला सांगू?"

निबंध लिहायला त्यांना अडचण नव्हती, दोन टेबलांचा नकाशा तयारच होता. अडचण थांबण्याची होती, आणि मार्चने त्यांना थांबवलं. यंत्र चालवायचं काम ग्रंथपालाचं, म्हणून फाइल माझ्याकडे आली. मी ती यंत्रात घातली आणि चहा घ्यायला गेले. परत येते तो पडदा लाल. निम्म्याहून जास्त मजकूर आधीच प्रसिद्ध झालेला. कुठे, तर बंगळूरच्या एका इंजिनिअरने इंटरनेटवर टाकलेल्या लेखात. लेखही निबंधासारखाच इंग्रजीत, पुष्कळांनी वाचलेला, बाण तेच, सदऱ्याचा फोटो तोच, आणि मधोमध रोमन अक्षरांत पंगत. लेखक शुभम. सोनकच्छचा, आमच्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी.

मी सरांना बोलावून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ते म्हणाले, "चांगलं लिहिलंय. स्विफ्टचा बाण माझ्याकडे चुकला होता, याने नीट केलाय."

"सर, त्याने चोरलंय तुमचं!"

"विचारू या ना. पत्ता विचारल्याशिवाय कसं म्हणायचं?"

फोन मी लावला. शुभम आधी आनंदला. मग मी लेखाचं विचारलं.

"मैडम, माँ कसम, वो तो मेरे ही पेनड्राइव में था. ‘खाऊ’ करके फोल्डर. मैंने समझा फर्स्ट ईयर में मैंने ही कहीं से उतारा होगा. नाम तो किसी का था ही नी."

"और पंगत? पंगत पढ़के भी सर याद नी आए?"

"पंगत तो मैडम, हमारे घर में भी बैठती है."

सरांनी माझ्या हातून फोन घेतला. "शुभम भिया, ये स्विफ्ट वाला बाण कहाँ से लाए?"

शुभम म्हणाला, "सर, मैं लेख अभी हटा देता हूँ."

"पागल है क्या. लोग पढ़ रहे हैं ना? रहने दे. बस ऊपर लिख दे कि कहाँ से लाया. और वो बाण बता."

पंधरा मिनिटं ते बाणावर बोलत होते. त्याच संध्याकाळी शुभमने लेखाच्या माथ्यावर ओळ टाकली: सरांचं नाव, निबंधाचं शीर्षक, हा नकाशा त्यांचा. कॉलेजलाही त्याने तसं पत्र पाठवलं. मला वाटलं, संपलं.

समिती बसली. संचालक, बाहेरचे एक प्राचार्य, आणि यंत्र चालवायला मी. मी पत्र ठेवलं, कॅलेंडरांचा नकाशा टेबलावर उलगडला. तो उलटा केला की साल दिसत होतं. शुभम तेव्हा शाळेत होता. संचालक म्हणाले, "कैलेंडर पुराना है, मानते हैं. पीछे लिखा तो कभी भी जा सकता है." मग त्यांनी निबंध पुन्हा यंत्रात घालायला सांगितला. मी घातला. शुभमच्या नव्या ओळीत सरांचं नाव आणि शीर्षक होतं. आता तेवढंही जुळलं. निकाल पहिल्यापेक्षा वाईट आला.

संचालक सरांकडे वळले. चेहऱ्यावर खरंच कुतूहल होतं. "चिटणीसजी, एक बात बताइए. आपकी चीज थी, तो आपने अपना नाम क्यों नहीं डाला?"

"साहब, किसी का डिब्बा लौटाते वक्त अंदर जो लड्डू रखते हैं, उस लड्डू पे नाम लिखते हैं क्या?"

संचालकांनी विचार केला. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांच्याच नावाची दोन सन्मानपत्रं होती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मार्गही सुचवला. आठ दिवसांची मुदत, वाक्यं इकडची तिकडे करा, पंगत काढून दुसरं काही घाला, यंत्राचं समाधान झालं की झालं. सगळे तेच करतात. प्राचार्यांनीही मान हलवली, आणि ती जरा अनुभवी वाटली.

बाहेर आल्यावर मी सरांना विनवलं. वाक्यं मी बदलते म्हटलं. दोन रात्रींचं काम. सर म्हणाले, "रेखाताई, दुसऱ्याचं असलं तर लपवायला शब्द बदलायचे. माझेच शब्द मी कुणापासून लपवू?"

आठव्या दिवशी त्यांनी निबंध आणून दिला. त्यांनी एकच बदल केला होता. स्विफ्टचा बाण दुरुस्त केला होता आणि खाली टीप होती: ही दुरुस्ती शुभमची, त्याच्या लेखातून त्याच्याच शब्दांत. मी फाइल यंत्रात घातली. लाल आणखी एका परिच्छेदाने वाढलं.

करार संपला तो शनिवार होता. निरोप समारंभ झाला नाही. करारावरच्यांना तो नसतो. दुपारी प्रयोगशाळेत सगळ्यांचे प्रोग्रॅम चालले, एका मुलीचा तेवढा थांबेना, फिरतच राहिला. ती म्हणाली, "सर, आप जाइए, आपकी बस है." सर तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. बस गेली, तिच्यामागची गेली. प्लायवूडच्या पलीकडे मी ग्रंथालय उघडं ठेवलं होतं. शेवटी प्रोग्रॅम थांबला, सरांनी मागच्या सगळ्या खुर्च्या नीट लावल्या आणि नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन निघाले. डबा मी चिवडा भरून दिला.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. पाच-सहा महिन्यांनी धारला नात्यातला साखरपुडा होता. वेळ काढून घरी जाणं जमलं नाही, तसं फोनवर सांगितलं, तर परतीच्या बसला सर स्वतः स्टँडवर आले. तोच बुशशर्ट, खिशात दोन पेनं, एक लिहायला आणि एक कोणी मागितलं तर द्यायला. खिडकीतून डबा माझ्या हातात देत म्हणाले, "जरा उशीर झाला परत करायला." बस हलली तेव्हा ते उकडलेल्या शेंगांच्या गाडीपाशी वाकून काहीतरी विचारत होते. ऐकू आलं नाही. शेंगवाला मांडूच्या दिशेला हात करून सांगत होता.

घरी आल्यावर डबा उघडला. डिंकाचे लाडू होते, आणि वर त्या दफ्तरी अक्षरात चार ओळींची चिठ्ठी.

‘लाडू सुधाने केले. कृती आपल्या मातोश्रींची. गूळ सोनकच्छचा, शुभम येऊन देऊन गेला; दोन दिवस राहिला, चार बाण वाढले. डबा आपला.’

खाली नाव नव्हतं. यजमान एक लाडू खाऊन दुसऱ्याला हात घालत होते. त्यांना म्हटलं, जरा थांबा. मी जन्मभर ग्रंथपाल होते. कर्त्याचं नाव नसलेली नोंद मला तशीच ठेवता येत नाही. पेन आणलं आणि चिठ्ठीखाली लिहिलं: अनंत चिटणीस, धार.